दार लावून घे

लॅम्पलायटर्स या बेसबॉल संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत 'दार लावून घे' हे शब्द थट्टेतसुद्धा कोणी तोंडातून काढत नसे. वाऱ्याने दार धडधडलं तरी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणि शेवटी कोणीतरी मुकाट्याने उठून ते पायाने लोटून देई. कारण मॅनेजर ऑर्विल ब्रॉडसची, सगळ्यांच्या 'स्किपर'ची, पद्धत ठरलेली होती. एरवी तो शिव्या घालो की शाबासकी देवो, खोलीचं दार सताड उघडं ठेवून, अख्ख्या हार्लन फेरी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोले. पण एखाद्या खेळाडूला कायमचं घरी पाठवायचं असलं की तो मान वर न करता एवढंच म्हणे, "ये. दार लावून घे." बाहेर आल्यावर त्या माणसाला एकच काम उरे. आपल्या कपाटावरची, नाव लिहिलेली पांढरी चिकटपट्टी स्वतःच्या हाताने सोलून काढायची. दुसऱ्याने ती काढली तर अपशकुन होतो असं सगळे मानत.

त्या उन्हाळ्यात दोन पट्ट्या निघाल्या होत्या. लॉनी प्रुइटची आणि लंबू एलिसची. दोघेही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. आता तिसरी कोणाची, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

संघ हरत होता, आणि एकदा सवय लागली की सुटत नाही तसा हरत होता. गावच्या पेपरने संघाच्या बातम्या मृत्युवार्तांच्या पानावर हलवल्या आणि संपादकाने जागेच्या अडचणीचं कारण सांगितलं. संघाच्या मालकाचं फर्निचरचं दुकान होतं. त्याने जाहीर केलं की घोड्याचा नाल घेऊन येईल त्याला सामना फुकट. इलिनॉयचा तो सगळा भाग शेतीचा, घोडे गेले तरी नाल प्रत्येकाच्या गोठ्यात पडलेले. लोकांनी पोतीच्या पोती आणून ओतली. सामना हरलाच, वर त्या ढिगाला अडखळून पंचाचा दात पडला. पहिल्या बेसवर खेळणारा गस पाव्हलिक तेव्हापासून मोजे उलटे घालून खेळत होता. त्याला विचारलं तर म्हणे, "सुलटे घालून काय दिवे लागले होते?"

रॉइस टिलरी या संघाचा कॅचर. पस्तिशी उलटलेला, केस मागे सरलेले, बोटं प्रत्येक दिशेला वाकडी झालेली. कॅचरचं काम म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, मांड्यांच्या मधे बोटांनी खूण करून पिचरला पुढचा चेंडू कुठला टाकायचा ते सांगायचं आणि आलेला चेंडू झेलायचा. एक बोट म्हणजे सरळ, जोराचा. दोन बोटं म्हणजे वळणारा. फलंदाजाने मागे वळून खूण बघायची नसते. बघितलीच तर पुढचा चेंडू त्याच्या बरगडीत बसतो. सगळी मजा या दोन बोटांत आहे, कारण काय येतंय ते आधी कळलं तर चांगल्यातल्या चांगल्या पिचरलाही शेंबडं पोर बडवून काढील.

आणि लॅम्पलायटर्सच्या पिचरांना सगळेच बडवून काढत होते.

रॉइसला सगळा हंगाम एकच गोष्ट सांभाळायची होती. वसंतात, सराव सुरू झाला तेव्हा ब्रॉडसने त्याला उघड्या दारातच सांगितलं होतं, "हे माझं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ही खुर्ची तुझी. वरच्या मोठ्या संघाच्या लोकांशी बोललोय मी. तू फक्त हंगाम धडपणे पार पाड." मॅनेजरची खुर्ची. म्हणजे बस खड्ड्यात आपटली की गुडघा धरून ओठ चावणं बंद, हिवाळ्यात मेहुण्याच्या लाकडाच्या वखारीत फळ्या उचलणं बंद. त्याची बायको लोरीन हिने ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी ताटल्यांचं खोकं उघडलं. लग्न झाल्यापासून दर वर्षी गाव बदललं होतं, त्यामुळे तिच्या निम्म्या ताटल्या कायम वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असत. त्या तिने धुऊन फळीवर मांडल्या. रॉइसने तिला गुडघ्याबद्दल सांगितलं नाही, ब्रॉडसला तर नाहीच. उजवा गुडघा एप्रिलपासूनच कुरकुरत होता. तो घरून पट्टी बांधून येई आणि सगळे गेल्यावर सोडे.

तिसरा पिचर होता वेंडेल स्कॅग्ज. बावीस वर्षांचा, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला, कानांच्या पाळ्या लाल असलेला लाजरा पोरगा. टिलरींच्या भाड्याच्या घरात माडीवरची खोली त्याला दिली होती. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत खोकून खोकून अंथरुणाला खिळला होता आणि खाणीत त्याची जागा वेंडेलसाठी राखून ठेवली होती. हे तो अभिमानाने सांगत नसे. त्याचा वळणारा चेंडू असा होता की छातीवर येणार म्हणून माणूस मागे सरे आणि चेंडू गुडघ्याखालून निघून जाई. असा चेंडू रॉइसने अख्ख्या कारकिर्दीत दोनदाच पाहिला होता. पण मे महिन्यापासून त्या चेंडूला कोणी फसतच नव्हतं.

गुरुवारी केलर सिटीविरुद्ध तर कहर झाला. त्यांचा एक टकला, लालबुंद प्रशिक्षक तिसऱ्या बेसजवळ उभा होता. वेंडेलने हात वर उचलायच्या आत तो कधी फलंदाजाचं नाव घेऊन ओरडे, कधी नुसती शीळ घाली. नाव घेतलं की सरळ, शीळ घातली की वळणारा. दुसऱ्याच डावात रॉइसच्या ते लक्षात आलं. तो उठून वेंडेलकडे गेला.

"पोरा, ते आधीच ओळखतायत."

"काय ओळखतायत, मिस्टर टिलरी?"

"तुझा प्रत्येक चेंडू. तू काहीतरी करतोयस. हात दाबून धर."

वेंडेलने हात दाबून धरला. पुढच्या फलंदाजाने चेंडू नदीकडच्या कुंपणाबाहेर घालवला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "पोरा, त्यांना पत्र पाठवून कळवतोस का रे?" लोक हसले. वेंडेल हसणाऱ्यांकडे बघत नव्हता, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. जणू तो हात दुसऱ्या कोणाचा तरी होता.

मग त्या पोराच्या मागे सगळा संघ लागला. एक म्हणाला, वळणाऱ्याच्या वेळी त्याचा हातमोजा फुगतो. दुसरा म्हणाला, कोपर बाहेर येतं. गस म्हणाला, "मला तर वाटतं त्याचे कान जास्त लाल होतात." आणि ते कोणी हसण्यावारी नेलं नाही, दोघेतिघे खरोखर कान बघायला लागले. ब्रॉडस स्वतः तरुणपणी पिचर होता. जगातला प्रत्येक दोष पिचरच्या हातातून निघतो असं त्याचं ठाम मत. त्याने रॉइसला बोलावलं, दार उघडंच होतं, पण आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"तू समोर बसतोस. तुला काय दिसतं?"

रॉइसला काहीच दिसत नव्हतं. पण समोर बसणाऱ्याला काहीच दिसत नाही असं पुढच्या वर्षीच्या मॅनेजरने कसं म्हणायचं?

"जीभ," तो म्हणाला. "वळणारा टाकायच्या आधी जीभ बाहेर येते, असं वाटतं."

"असं वाटतं की येते?"

"येते."

"बरं." ब्रॉडसने गाल खाजवला. "शनिवारी याच केलर सिटीसमोर त्याला अजून एकदा उभा करतो. हरला तर संपलं. वरून फोन आलाय, त्यांना इथे दुसरा पोरगा पाठवायचाय. तू त्याला काही सांगू नकोस."

सांगायची गरजच नव्हती, उघड्या दारातून जिभेचं त्याच्या कानावर गेलंच होतं. वेंडेलने त्या दिवसापासून बुचाचा एक तुकडा दातांत धरून चेंडू टाकायचा सराव सुरू केला, जीभ आत राहावी म्हणून. शुक्रवारी सामना नव्हता. दिवसभर तो माडीवर आरशासमोर उभा होता. खाली स्वयंपाकघरात त्याची पावलं ऐकू येत होती. एक पाऊल, मग धप्प. पुन्हा एक पाऊल, मग धप्प. संध्याकाळी तो जेवायला खाली आला तेव्हा ओठाच्या कोपऱ्यात रक्त वाळलेलं होतं. लोरीनने खिम्याचा वडीसारखा कापलेला जाडजूड तुकडा, कुस्करलेला बटाटा आणि लोण्यातला मका त्याच्या ताटात वाढला.

"जिभेला लागलंय का रे?"

"नाही, मॅडम. थोडंसंच."

"मग खा."

त्याने बटाट्यात काट्याने चार रेघा ओढल्या, आभार मानले आणि वर निघून गेला. पुन्हा छत वाजायला लागलं. रॉइसलाही घास गिळेना.

"त्याला बूच चावायला कोणी सांगितलं?" लोरीनने विचारलं.

"त्याच्या खोडीवरून समोरच्यांना चेंडू कळतो."

"त्याच्या?" लोरीन हसली. ती ताटं गोळा करत होती. "मला तर तुझ्यावरूनच कळतो. मी आणि शेजारी बसणारी मिसेस ऑपडाइक खेळतो ना रोज, सामना बघताना. मी आधी सांगते, सरळ की वळणारा. बरोबर निघालं की तिने मला शेंगदाणे द्यायचे. काल अर्धी पुडी जिंकली. ती म्हणते तू चेटकीण आहेस. मी म्हटलं, बाई, इतकी वर्षं एकाच माणसाच्या पाठीकडे बघत बसलेय, एवढं कळणार नाही का?"

रॉइसने काटा खाली ठेवला.

"माझ्यावरून म्हणजे?"

"तुझ्या बसण्यावरून. सरळ असला की तू आमच्या आजोबांसारखा बसतोस, हुश्श करून टाचांवर. वळणारा असला की बूड वर. कोंबडी अंड्यांवरून उठायच्या बेतात असते ना, तशी." तिला वाटलं तो हसेल. "सगळ्यांनाच दिसत असेल, मला वाटलं."

रॉइस उठला. त्याने टेबल बाजूला सारलं, तिला आपल्या मागे, शेगडीजवळ उभं केलं आणि फरशीवर उकिडवा बसला. मनात एक चेंडू धरला आणि विचारलं, "कुठला?"

"सरळ."

तो अर्धवट उठून पुन्हा बसला. "आता?"

"वळणारा."

"आता?"

"वळणाराच. रॉइस, काय चाललंय?"

"सांग."

"सरळ."

एकही चुकलं नाही. आता घोडं कुठे पेंड खात होतं ते त्याला लख्ख दिसलं. वळणारा चेंडू खूपदा जमिनीला टेकून येतो, तो अंगाने अडवायला कॅचरला झटकन खाली झेपावावं लागतं. चांगल्या गुडघ्यांवर कसंही बसलेलं असलं तरी ते जमतं. त्याचा गुडघा एकदा टाचेवर टेकला की पुन्हा हलायला वेळ घेई, म्हणून वळणाऱ्याच्या वेळी तो आपोआप उंच राहायचा आणि सरळच्या वेळी गुडघ्याला तेवढीच विश्रांती द्यायचा. हे त्याने ठरवून केलं नव्हतं. गुडघ्यानेच परस्पर ठरवलं होतं. आपल्या खेळाडूंना खुणा आधीच माहीत असतात, त्यामुळे तो कसा बसतो हे बघायची त्यांना गरज नव्हती. समोरच्यांना होती. त्यांनी बघितलं, आणि एका गावाने दुसऱ्या गावाला सांगितलं असणार.

वर एक पाऊल वाजलं, मग धप्प.

"प्रुइट," तो म्हणाला. "एलिस."

लोरीनला आधी कळलं नाही. मग कळलं आणि ती खुर्चीवर बसली. बराच वेळ ती फळीवरच्या ताटल्यांकडे बघत राहिली. एलिसच्या बायकोला सातवा महिना होता, तिला गाडीत बसवायला लोरीनच गेली होती.

"गुडघा केव्हापासून?"

"एप्रिल."

"मला सांगितलं नाहीस."

"तू ताटल्या मांडल्या होत्यास."

ती उठून पुन्हा ताटं गोळा करू लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "उद्या नीट बस. दोन्ही वेळेला सारखाच. पोरगा जिंकेल, राहील. ते दोघे तर गेलेच, त्यांना काही आता परत आणता येत नाही. कोणाला काही कळायचं कारण नाही, रॉइस." तिने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याच्याही मनात नेमकं तेच आलं होतं आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते फारसं चांगलं वाटत नव्हतं.

शनिवारी दुपारी ऊन असं होतं की फळकुटांच्या बाकांवर लोक पेपर पसरून बसले होते. रॉइसने गुडघ्याला दोन पट्ट्या आवळल्या. वेंडेल चेंडू टाकायला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडात बूच होतंच.

"थुंकून टाक ते," रॉइस म्हणाला.

"पण जीभ, मिस्टर टिलरी..."

"जिभेचं मी बघतो. थुंक."

पहिल्या चेंडूला रॉइस अर्धवट बसला, टाच आणि हवा यांच्या मधे कुठेतरी. गुडघ्यात आग झाली. दुसऱ्या चेंडूलाही तसाच. टकल्या प्रशिक्षकाने तोंड उघडलं, पण त्याला काय ओरडावं ते कळेना. त्याने नाव घेतलं आणि चेंडू वळला. फलंदाजाने हवेत बॅट फिरवली आणि स्वतःच्या प्रशिक्षकाकडे अशा नजरेने बघितलं की गसला पहिल्या बेसवर हसू आवरेना. दुसरा डाव गेला, तिसरा गेला. माणसं येत होती, चुकत होती, शिव्या देत परत जात होती. वेंडेलचे कान लाल झाले होते, पण आता ते आनंदाने. प्रत्येक डाव संपला की तो रॉइसच्या बाजूला येऊन बसे आणि काही न बोलता नुसता गवताकडे बघून हसे. असं हसताना त्याला रॉइसने मे महिन्यानंतर पाहिलं नव्हतं. लोरीन नेहमीच्या जागी बसली होती. मिसेस ऑपडाइक तिला काहीतरी विचारत होती आणि लोरीन मान हलवत होती, नाही सांगता येत म्हणून.

फक्त लॅम्पलायटर्सनाही एकही धाव करता येईना. फळ्यावर दोन्हीकडे शून्यांची रांग लागली. आणि प्रत्येक शून्यागणिक रॉइसचा पाय जास्त थरथरायला लागला. सहाव्या डावात उठताना त्याने पंचाचा गुडघा धरला. पंच म्हणाला, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "घाम आहे, हात निसटला." सातव्या डावात पाय खालून बधिर झाला. सांगावं, आपल्या जागी दुसऱ्याला पाठवावं, हे त्याच्या मनात आलं. पण का, म्हणून ब्रॉडस विचारणार. अजून थोडंसंच, असं तो स्वतःला समजावत राहिला.

आठव्या डावात त्यांचा एक माणूस तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या बेसपर्यंत पोचला. तिथून पळत घरी, म्हणजे रॉइसच्या पुढ्यातल्या पाटीवर, आलं की धाव. एक चेंडू रॉइसच्या हातून निसटला, की संपलं. समोर त्यांचा दांडगा फलंदाज. वेंडेलने त्याला दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा चुकला की बाद. सगळ्या मैदानाला कळत होतं की आता वळणारा टाकायचा, तोच जमिनीजवळ जाणारा, ज्याला कोणीच हात लावू शकत नव्हतं. रॉइसलाही कळत होतं. पण तो जमिनीला टेकला तर झेपावायचं होतं आणि गुडघा आता झेपावणार नव्हता.

त्याने एक बोट दाखवलं. सरळ.

वेंडेलने मान हलवली. नाही. सगळ्या हंगामात त्या पोराने कॅचरच्या खुणेला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

रॉइसने पुन्हा एक बोट दाखवलं, जोराने, मांडीवर आपटून.

वेंडेल क्षणभर थांबला. मग मान खाली घालून त्याने सांगितलेला चेंडू टाकला. दांडग्याने तो दोन खेळाडूंच्या मधून मारला आणि तिसऱ्या बेसवरचा माणूस टाळ्या वाजवत घरी आला. त्यानंतर कोणीच काही केलं नाही. सामना त्या एका धावेने गेला.

कपडे बदलायच्या खोलीत पाणीसुद्धा हळू सोडत होते. वेंडेल बाकावर येऊन रॉइसशेजारी बसला.

"चूक माझी, मिस्टर टिलरी," तो म्हणाला. "मी मान हलवायला नको होती. मनात शंका घेऊन टाकला, म्हणून थेट त्याच्या बॅटवर गेला. तुम्ही बरोबर सांगितलं होतं."

रॉइस पट्टी सोडत होता. त्याचा हात तिथेच थांबला. त्याला त्या पोराच्या तोंडात मारावीशी वाटली, आणि मग स्वतःच्या.

"सात डाव तू काय टाकलंस माहीत आहे का तुला?"

"आठव्यात तर फुटलोच ना."

तेवढ्यात आतून ब्रॉडसचा आवाज आला. "स्कॅग्ज. ये."

पुढचे शब्द अजून यायचे होते, पण खोलीत सगळ्यांनी ते ऐकलेच. गसने उलटे मोजे हातात घेऊन त्यांच्याकडे बघायला सुरुवात केली. वेंडेल उभा राहिला, टोपी काढली, केसांवरून हात फिरवला. चर्चमध्ये जाताना फिरवतात तसा. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो निघाला, तेव्हा रॉइसने त्याच्या दंडाला धरून त्याला परत बाकावर बसवलं.

"थांब इथे."

"मला बोलावलंय."

"बस म्हटलं ना."

तो लंगडत गेला. सुटलेली पट्टी मागे फरशीवर लोळत होती. आत जाऊन त्याने, कोणी सांगायच्या आधीच, दार लावून घेतलं.

ब्रॉडसने मान वर केली. "तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही. उठा, स्किपर. माझ्या मागे येऊन उभे राहा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"उठा तर."

ब्रॉडस कुरकुरत उठला. रॉइस टेबलासमोर उकिडवा बसला. अर्धवट नाही, एरवी सवयीने बसे तसा. डोळ्यांत पाणी आलं. "मनात एक चेंडू धरलाय. कुठला, ते सांगा."

"मी काय ज्योतिषी आहे?"

"बघा माझ्याकडे. आता दुसरा धरला."

ब्रॉडस मागून वाकून बघू लागला. ब्रॉडसने आयुष्यभर कॅचरांकडे पाहिलं होतं, पण कॅचर बघण्यासाठी कधी पाहिलं नव्हतं.

"वळणारा," तो शेवटी म्हणाला.

"आता?"

"सरळ."

"आता?"

"पुरे." ब्रॉडस परत खुर्चीवर जाऊन बसला. जाताना त्याने रॉइसला उठायला हात दिला नाही, आणि रॉइसने टेबलाची कड धरून स्वतःला उभं केलं. "केव्हापासून?"

"एप्रिलपासून गुडघा. मेपासून त्यांना कळत असावं."

"म्हणजे प्रुइट."

"हो."

"एलिस."

"हो."

"तुला केव्हा कळलं?"

"काल संध्याकाळी."

"काल संध्याकाळी," ब्रॉडस म्हणाला. "आणि आज आठव्या डावात पोराने मान हलवली, ती?"

"तो वळणारा मागत होता. बरोबर मागत होता. जमिनीला टेकला असता तर मला अडवता आला नसता, म्हणून मी दिला नाही. त्याच्या जिभेत काही नाही, स्किपर. हातातही काही नाही. धड गुडघ्यांचा कॅचर द्या त्याला, मग बघा."

ब्रॉडसने डोळे मिटून कपाळाला हात लावला. ओरडेल असं रॉइसला वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"या खुर्चीबद्दल मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"पाय अधू म्हणून मी ती काढून घेतली नसती. निम्मे मॅनेजर लंगडे असतात. पण कालची रात्र आणि आजचे आठ डाव तू गप्प बसलास."

"हो."

"बाहेर गेल्यावर काय करायचं ते तुला माहीत आहे."

रॉइसने दार उघडलं. तो आपल्या कपाटाजवळ गेला आणि नावाची पट्टी एका कोपऱ्यातून नखाने उचलू लागला. उन्हाळ्याने ती पक्की चिकटली होती, धड निघेना, तुकडे पडू लागले. लोरीनला आज कुठून तरी जुनी वर्तमानपत्रं मिळवावी लागणार होती. ती बाहेर गाडीत वाट बघत असेल, आणि त्याच्या चालण्यावरूनच तिला सगळं कळेल.

गसने त्याच्या हाताकडे बघितलं आणि हातातले मोजे हळूच बाकावर ठेवले. वेंडेल उठून जवळ आला. टोपी त्याने इतकी चुरगाळली होती की तिचा आकारच राहिला नव्हता.

"मिस्टर टिलरी, हे काय? मला बोलावलं होतं ना? मी जाऊ का आत?"

"जा," रॉइस पट्टी सोलता सोलता म्हणाला. "दार उघडंच ठेव."